गाऱ्हाण्यातलं नाव

म्हाळाचा, म्हणजे पितृपक्षाचा, पंधरवडा संपत आला होता तेव्हा ती आई माझ्याकडे आली. मुलगी पाचवीत, वय १०. अभ्यास ठीक, वर्गात कुणाशी भांडण नाही, जेवणखाण नीट. तक्रार एकच, आणि ती सांगतानाही आईला ओशाळल्यासारखं होत होतं. ‘गणेश चवथीपासून ती दिव्याकडे बसत नाही.’

शाळांमधून समुपदेशन करताना माझ्यासमोर मोबाइल येतो, मारामारी येते, परीक्षेची धास्ती येते, आई-वडिलांची ताटातूट येते. दिव्याकडे न बसणारी मुलगी पहिल्यांदाच आली. मी वहीत लिहिलं, ‘घरगुती उपासनेला नकार’. आता ती नोंद वाचली की हसू येतं. उपासनेवर तिचा राग नव्हताच.

कुटुंबाच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कुटुंब फोंड्यात फ्लॅटमध्ये राहतं. वडील औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात नोकरीला, आई बँकेत. दोन मुलं, ही मुलगी आणि सहा वर्षांचा धाकटा. आजोबा वारल्यापासून आजी त्यांच्याकडेच असते. मूळ घर अंतृज महालातल्या, म्हणजे फोंडा तालुक्यातल्या, एका वाड्यावर (वस्तीवर), वीसेक मिनिटांच्या अंतरावर. तिथे आता आजीचे दीर आणि जाऊबाई असतात. गणपती तिथेच, पाच दिवसांचा. मुंबईचे, पुण्याचे, मडगावचे सगळे तिथे जमतात.

मुलांना देवाधर्माचं शिकवण्याचं खातं आजीकडे. आई-वडील दोघंही संध्याकाळी सातला घरी पोचतात, तोवर समई लागलेली असते, ‘शुभं करोति’ झालेलं असतं आणि आजीची गोष्ट रंगात आलेली असते. मी तिला विचारलं, काय काय शिकवता? तिने बोटं मोजत सांगितलं. आपलं घर माणसांचं नाही, पितरांचं आहे, आपण फक्त राखणदार. म्हाळाच्या दिवशी कावळा शिवला नाही तर कुणाचा तरी जीव कशात तरी अडकलाय असं समजायचं. आपला देव इथला नव्हे, तो पलीकडच्या तीरावरून आला. जेवताना पहिला घास कुणाचा, नमस्कार कुणाला आधी, मोठ्यांच्या पुढे ताट का ओढायचं नाही. आणि शेवटी, सहज, इतर गोष्टींच्याच सुरात, ‘चेडूं (मुलगी) म्हणजे परक्याचं धन. सांभाळायचं आणि द्यायचं.’

हे शेवटचं वाक्य तिला टोचून विचारलं असतं तर तिने ते मागेही घेतलं असतं. तिने ते कधी शिकवण म्हणून सांगितलंच नव्हतं. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं, तसंच तिच्या तोंडून आलं.

चवथीच्या सकाळचा प्रसंग आईने मला दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा मी मुद्दाम सांगायला लावला.

पूजा झाली होती. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, आदल्या दिवशीच बांधलेली, नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगं, चिबूड, आंबाडे, मधेच एक निरफणस. त्यातल्या कांगल्या या मुलीने बाबांबरोबर डोंगरावर जाऊन आणल्या होत्या, त्यासाठी पाय खरचटून घेतले होते. आरतीआधी चुलत आजोबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आजोबा गेल्यावर हा मान त्यांच्याकडे आला. सगळे हात जोडून मागे उभे. त्यांनी कुळदेवाचं नाव घेतलं, मूळपुरुषाचं घेतलं आणि मग घरातल्यांची नावं घ्यायला लागले. हा, त्याचे दोन झिलगे (मुलगे), तो, त्याचा झिलगो, मग या मुलीचे वडील, मग ‘ताचो झिलगो’ म्हणून सहा वर्षांच्या धाकट्याचं नाव. ‘आनी तांचीं बायलां-भुरगीं (बायका-मुलं), सगळ्यांक बरें कर, देवा.’ घुमट वाद्यावर थाप पडली, आरती सुरू झाली.

धाकट्याने आपलं नाव ऐकून बहिणीकडे मान वळवून पाहिलं. ती टाळ वाजवायची थांबली. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी पातोळ्या वाढताना ती आईला म्हणाली, ‘म्हजें नांव ना.’ माझं नाव नाही.

आता इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती गोव्याबाहेरच्या वाचकाला चटकन लक्षात येणार नाही. या घरात बोलणं कोंकणीत, देवाचं सगळं मराठीत आणि संस्कृतात. आरत्या मराठी, पोथी मराठी, ‘शुभं करोति’ संस्कृत. मुलीला दहा आरत्या पाठ आहेत, पण त्यातल्या शब्दांवर ती कधी थांबली नव्हती, घरातल्या कुणालाच थांबायची सवय नाही. गाऱ्हाणं मात्र कोंकणीत असतं. ते कुठे लिहिलेलं नसतं, घालणारा उभ्या उभ्या घालतो. त्या सकाळी देवघरात जे बोललं गेलं त्यातलं एवढंच तिला शब्दशः कळलं, आणि त्यात ती नव्हती.

तिला मिळालेली उत्तरंही नोंदवायला हवीत. बाबा हसले आणि म्हणाले, ‘अगो, बायलां-भुरगीं म्हटलं ना, त्यात तू आलीस.’ आजी म्हणाली, ‘तुझं नाव तुझ्या घरी घेतील.’ त्यावर तिने विचारलं, ‘आनी हें कोणाचें?’ आईने ताट पुढे सरकवलं आणि म्हटलं, ‘सोड आता, सणाच्या दिवशी.’ धाकट्याने तेवढ्यात शोध लावला होता, ‘तू पाहुणी!’ सहा वर्षांच्या मुलाचं ते, सगळे हसले. मला विचाराल तर घरातल्या शिकवणीचा सगळ्यात अचूक गोषवारा त्यानेच काढला होता. आजी बहिणीला शिकवत होती तेव्हा तोही तिथेच बसलेला असायचा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्याला सगळं कळलं होतं.

मुलीला मी चार वेळा भेटले. पहिल्या भेटीत ती फार बोलली नाही. मी घराचं चित्र काढायला सांगितलं. तिने वाड्यावरचं घर काढलं, समोर तुळस, तुळशीच्या एका बाजूला माणसं. स्वतःला तिने तुळशीच्या अलीकडे, पायऱ्यांवर काढलं होतं, हातात पिशवी. ‘पिशवीत काय आहे?’ ‘कपडे.’ ‘कुठे चाललीस?’ ‘माहीत नाही, द्यायला नेतात ना.’

ती देवावर रुसलेली नाही हे तिथे कळलं. तिच्या वयाच्या मुलाला न्याय म्हणजे मोजता येणारी गोष्ट वाटते. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सात ते अकराच्या टप्प्यातल्या मुलांच्या विचाराला मूर्त म्हटलं ते याच अर्थाने. जेम्स फाउलर यांनी श्रद्धेच्या वाढीच्या पायऱ्या मांडल्या, त्यातही या वयाची पायरी कथा आणि शब्द जसेच्या तसे घेण्याची आहे. ‘परक्याचं धन’ हे आजीला बोलण्याची एक रीत वाटतं, पण दहा वर्षांची मुलगी ते ऐकून कपडे भरायला घेते.

मग मी एक चूक केली. आईला म्हटलं, तिला सांगा की हा धर्म नाही, नुसती रूढी आहे. वाक्य ऐकायला छान, पुस्तकी. आईने ते घरी जाऊन सांगितलं, आजीच्या देखत. आजीने दोन दिवस समईच लावली नाही. ‘माझं सगळं रूढी ना? मग लावा तुम्हीच, धर्माप्रमाणे.’ ती चुकत होती असं मला वाटत नाही. ज्या बाईने साठ वर्षं एका घराचे देव, पितर, सोयर-सुतक सांभाळलं तिच्यासमोर मी एका फटक्यात दोन कप्पे पाडले होते, आणि कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात हे ठरवणारी मी कोण?

पुढच्या वेळी मी त्यांच्या घरी गेले आणि आजीकडून आधी ऐकून घेतलं.

तिची आवडती गोष्ट देवाच्या स्थलांतराची. रात्री होडीतून नदी ओलांडून देव कसे आले. ते तिला पुस्तकातून कळलेलं नाही. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, हे फोंडा तालुक्यातल्या पोराला शाळेत जायच्या आधी ठाऊक असतं. तेव्हा हा भाग पोर्तुगिजांच्या हाती नव्हता, तो त्यांच्याकडे गेला १७६३ मध्ये. त्यापूर्वी पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या तिसवाडी, बार्देश, साष्टीत काय चाललं होतं ते आजीला ठाऊक नव्हतं. मी तिला एक सांगितलं. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला, की ज्या हिंदू पोरांचे आई-बाप, आजी-आजोबा उरलेले नाहीत त्यांना जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजकडे सोपवावं, आणि त्यांना बाप्तिस्मा द्यावा. १५६० मध्ये इंक्विझिशन आलं ते मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत राहिलं. काही घराण्यांत अजून मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरचा किंवा पत्रीचा गणपती पुजतात, ती सवय त्या काळची सांगतात, पटकन लपवता यावं म्हणून.

आजी गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे आजी नसली तर पोर न्यायचे.’

मला ही गोष्ट पुढच्या सगळ्या बोलण्यासाठी हवी होती. गोव्यात ‘कुळ’, ‘घर’, ‘वंश’ हे शब्द इतके घट्ट का धरले गेले, घरातल्या घरात शिकवणं एवढं जिवाचं का झालं, याला एक इतिहास आहे. तो बाजूला ठेवून ‘जुनाट समजुती’ म्हणणं सोपं असतं. आणि आजही हे शिकवण्याची जागा घरच आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, राज्यघटनेचा २८वा अनुच्छेद तसं सांगतो. अनुदानित शाळेतही पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. बालहक्कांच्या ज्या करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला त्याचं १४वं कलम मुलाला विचार आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच कलमात आई-वडिलांना वाट दाखवण्याचा अधिकारही देतं, मूल जसजसं कळतं होईल तसतशी. आजीला कलमांची गरज नव्हती. ती आईला होती, कारण आपण मुलीला दिव्याकडे बसवतो म्हणजे तिच्यावर काही लादतो आहोत की काय, हा घोर ती मनात घेऊन फिरत होती.

ट्रंकेतले दोन कागद

मुलीला शाळेत ‘माझे कुटुंब’ हा प्रकल्प होता. आईला मी म्हटलं, वाड्यावर जुने कागद असतील तर मुलीला दाखवा. चुलत आजोबांनी पत्र्याची ट्रंक उघडून दिली.

त्यात आजोबांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेली वंशावळ होती. सात पिढ्या, २३ नावं. सगळी पुरुषांची. एका नावाखाली ‘निःसंतान’ लिहिलेलं. मुलीने ते मला दाखवलं आणि विचारलं, ‘त्याची बायको होती का?’ मला काय माहीत. वंशावळीला तरी कुठे माहीत होतं!

दुसरा कागद पोर्तुगीजमध्ये होता, शिक्क्याच्या कागदांचा गठ्ठा. खापरपणजोबा वारल्यावर कोर्टात झालेल्या इन्व्हेंटरीची, म्हणजे वारस आणि मालमत्तेच्या नोंदणीची, नक्कल. घरात कुणालाच पोर्तुगीज वाचता येत नाही. वडिलांच्या ओळखीच्या एका निवृत्त कारकुनाने वाचून दिलं. त्यात दहा नावं निघाली, त्यातली पाच बायकांची. विधवा खापरपणजी, तीन मुलगे, लग्न झालेल्या दोघांच्या बायका, दोन मुली आणि त्या दोघींचे नवरे.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं थांबते. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, ती इथे १८७० मध्ये लागू झाली आणि मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबतीत चालू राहिली. तिच्याप्रमाणे लग्नात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून होते, निम्मी निम्मी. स्थावर विकायचं तर दुसऱ्याची सही लागते. वारसाहक्क मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा, आणि आई-बापाला आपल्या अर्ध्याहून अधिक हिश्शाचं मृत्युपत्र करून मुलांना डावलता येत नाही. आता या विषयावर गोव्याचा स्वतःचा २०१२ चा कायदा आहे, तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला, पण गाभा तोच. म्हणून इन्व्हेंटरीत बायकांची नावं टाळता येत नाहीत. कोर्टाला त्या लागतात.

याचा अर्थ पोर्तुगीज कायदा बायकांचा कैवारी होता असा काढू नये. गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांचा १८८० चा हुकूमनामा काढून पाहा. बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झालं नाही, किंवा तीस पुरी झाली आणि मुलगा नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची वाट त्यात ठेवली आहे. वंशाचा दिवा कायद्याच्या पुस्तकातही तेवत होता.

आजीने ती दोन मुलींची नावं ऐकली आणि तिचा चेहरा उजळला. ‘ही थोरली आत्या! माटोळीचे नारळ तीच निवडायची. दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही.’ मग खूप वेळ त्या थोरल्या आत्याच्याच गोष्टी चालल्या, कोणत्या बसने यायची, फुगडीत कशी दम तोडायची. माहेरच्या चवथीवर हुकमत गाजवणाऱ्या त्या बाईचं नाव वंशावळीत नाही आणि गाऱ्हाण्यातही कधी आलेलं नाही, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना एकदमच जाणवलं असावं, कारण गोष्टी थांबल्या.

गठ्ठ्याच्या शेवटी आणखी दोन पानं होती. दोन्ही बहिणींनी आपला हक्क भावांच्या बाजूने सोडल्याचा दस्त.

कारकुनाने ते वाचलं तेव्हा मुलीची आई उठून पाणी आणायला गेली. नंतर एकटी असताना तिने मला सांगितलं. तिचं माहेर डिचोली तालुक्यातलं. वडील गेल्यावर तिनेही अशीच सही केली आहे. ‘कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने खूण केली होती. मी केली. भावाने जबरदस्ती केली नाही, कुणीच केली नाही. मलाच वाटलं, माझं तिथे काय आहे?’

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते याच वाक्यात आहे. समईपुढे सहज म्हटलेलं ‘परक्याचं धन’ तीस वर्षांनी नोटरीच्या टेबलावर येऊन बसतं. कायदा बरोबरीचा हिस्सा देत होता, तो कुणी हिसकावला नाही, तिने स्वतः ठेवून दिला, कारण त्या घरातली आपण पाहुणी हे तिला लहानपणीच, मायेने, पटवून दिलेलं होतं. सही करावी की करू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न, भावा-बहिणीचं प्रेम मी कागदाने मोजत नाही. पण सहीच्या वेळी आपल्याला निवड होती हे तिला सुचलंसुद्धा नाही.

सात बहिणी

मी आईला विचारलं, तुम्ही लहानपणी कुठल्या गोष्टी ऐकल्या? ती म्हणाली, आमच्याकडच्या वेगळ्या. त्या कधी मुलांना सांगितल्या? ‘नाही. ते माहेरचं ना.’

तर त्या घरात अर्धा खजिना कुलुपातच होता. शिरगावची लइराई देवी तिच्या माहेराच्या जवळ. लइराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, अशा सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. गोष्ट सांगणाऱ्यागणिक बदलते. आईने ऐकली ती अशी, की भावंडं फिरत फिरत मयेला आली, चूल पेटवायला विस्तव हवा होता, भावाला आणायला पाठवलं, तो पोरांबरोबर खेळत बसला. लइराई शोधत गेली आणि रागाच्या भरात तिने त्याला लाथ मारली. मग पस्तावली. म्हणून ती अजून दर वर्षी होमखणातून, निखाऱ्यांतून जाते, आणि तिचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, तिच्या मागून. सातातली एक बहीण म्हापशाला गेली आणि किरिस्तांव (ख्रिश्चन) झाली, तीच चर्चमधली मिलाग्रीस सायबीण (मेरीमाता). बहिणीचं नातं तुटलं नाही, हिंदू आजही तिला तेल घालतात.

आईने ही गोष्ट समईपुढे सांगितली, आजीच्या शेजारी बसून. पहिल्यांदाच. धाकट्याला लाथ आवडली. मुलीने विचारलं, ‘लइराईचं सासर कुठलं?’

आई म्हणे अडखळली. सासर नाही. केळबायचं? नाही. सगळ्या आपापल्या गावात, आपापल्या देवळात, आपापल्या नावाने. ‘मग त्या कोणाचं धन?’ आजी म्हणाली, ‘त्या देवी गो.’ आणि मग स्वतःशीच, ‘पण बहिणी खऱ्या.’

मिलाग्रीस सायबिणीचा मुद्दा मात्र आजीला वेगळीकडे लागला. तिची धाकटी मुलगी, म्हणजे मुलांची आत्या, मडगावला एका किरिस्तांव घरात दिली आहे. ‘दिली’ म्हणणं चुकीचं, तिने आपणहून केलं. ती चवथीला येते, जेवते, पण माटोळीखाली बसत नाही, कुणी बस म्हणत नाही. त्या दिवशी आजीने त्यावर एक शब्द काढला नाही. दोन दिवसांनी तिने मुलीला फोन करून जावयाच्या गुडघ्याची चौकशी केली, एवढं सुनेने मला सांगितलं. त्याहून जास्त मी खोदलं नाही.

ज्या फोनने आजी खरी हलली तो दुसरा. मी सहज विचारलं होतं, तुमच्या माहेरच्या गाऱ्हाण्यात तुमचं नाव घेतात का? ती ठामपणे म्हणाली, घेत असतील. मग तिला राहवलं नाही. भावाला फोन लावला. भाऊ तिच्याहून धाकटा, तोच आता गाऱ्हाणं घालतो. तो बराच वेळ काहीतरी समजावत होता. फोन ठेवून ती म्हणाली, ‘तिथे कधी नव्हतंच. इथेही नाही.’ सुनेने चहा ठेवला. आजीने समईची वात पुढे सारली, जी आधीच पुरेशी पुढे होती.

दीर आणि यादी

त्यानंतर मी फारसं काही केलं नाही, जे केलं ते आजीने. ती वाड्यावर गेली आणि दिरांपुढे विषय काढला. मी तिथे नव्हते, सून होती. चुलत आजोबा रागावले नाहीत. त्यांनी हिशेबाचा प्रश्न विचारला, आणि तो खोटा नव्हता. ‘वहिनी, मुलींची नावं घेऊया. पण लग्न झालं की थांबवायची कधी? आणि थांबवायची नाहीत म्हटलं तर त्यांची मुलं, नातवंडं, यादी संपणार कुठे? आणि देवळात महाजनांच्या, म्हणजे वंशपरंपरेने देवस्थानाचे सभासद असणाऱ्यांच्या, वहीत पुरुषांचीच नावं चढतात, ते तुम्ही-आम्ही बदलणार?’

देवस्थानांचा कारभार १९३३ च्या महाजनी नियमावलीवर चालत आला आहे, तिथे एका घरच्या आजीचं काय चालणार? तो विषय तिने बाजूला ठेवला. घरच्या गाऱ्हाण्याला नियमावली नाही. ती म्हणाली, ‘आरत्या दीड तास चालतात. यादी चार मिनिटं वाढली म्हणून देव उठून जायचा नाही.’

शिकवण्यात काय बदललं तेही सांगते. आजीने ‘परक्याचं धन’ म्हणायचं सोडलं, असं ती सांगते. सून सांगते, दोनदा निसटलं, आणि दोन्ही वेळा मुलीनेच तिला टोकलं. पितर, कावळा, पहिला घास सगळं तसंच आहे. म्हाळाला आजीने आपल्या सासूचं आणि त्या थोरल्या आत्याचं नाव मुलांकडून पाठ करून घेतलं. आठवड्यातून एक संध्याकाळ आईच्या गोष्टींची. धाकट्याकडे समईची वात वळायचं काम आलं, त्यावरून तो दोन दिवस कुरकुरला, कारण ते ‘ताईचं काम’. त्याच्याकडे आणखी लक्ष द्यायला हवं होतं असं आता वाटतं. सगळ्यांचे डोळे रुसलेल्या मुलीवर होते, आणि जो खूश होता तो काय शिकून बसलाय हे कुणी विचारलं नाही, मीही उशिराच विचारलं.

मुलगी दिव्याकडे परत बसायला लागली ती तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. शांतादुर्गेच्या गोष्टीत तिला रस होता, भांडणाऱ्या शिव-विष्णूंच्या मधे ती कशी उभी राहिली, आणि आजी ती गोष्ट त्या दिवशी सांगणार होती.

पुढच्या चवथीचं मला आईने फोनवर सांगितलं. चुलत आजोबांनी या वेळी खिशातून चिठी काढली. इतकी वर्षं नावं तोंडपाठ होती, आता चष्मा लावावा लागला. मुलग्यांच्या पाठोपाठ मुलींची नावं आली, तिचंही आलं, नीट, पूर्ण. मग मडगावच्या आत्याचं. तिथे ते क्षणभर थांबले, पण ती चिठीत होती आणि त्यांनी ती वाचली. आत्या मागे दाराशी उभी होती.

संध्याकाळी मुलगी आजीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘आज्ये, तुजें नांव ना.’

आजीला ते आधीच कळलं होतं. दीर वहिनीचं नाव तोंडाने घेत नाही, तो मान असतो. चिठीतही त्यांनी ते लिहिलं नव्हतं. मुलगा आईचं नाव घेत नाही. नवरा असता तर त्यानेही घेतलं नसतं. तिचं नाव मोठ्याने घेऊ शकेल असं त्या घरात कुणी उरलंच नव्हतं.

‘मग मी घेऊ?’ मुलीने विचारलं.

आजी म्हणाली, नातीने घेतलेलं चालतं की नाही ते भटजींना विचारायला हवं. भटजींना अजून कुणी विचारलेलं नाही.